हिवरावरचा ठिपक्यांचा पानभुंगेरा: तीन डब्या, जात एकच

मागच्या नोंदीत मी तीन डब्यांबद्दल लिहिलं होतं. पहिलीत पिवळसर पाठीवर चार काळे ठिपके असलेले भुंगेरे. दुसरीत तेच ठिपके जुळून दोन आडवे पट्टे झालेले. तिसरीत जवळजवळ सगळी पाठ काळी, कडेला फक्त पिवळी किनार. या तीन वेगळ्या जाती आहेत असं मी ठामपणे लिहून टाकलं होतं. ते चुकीचं निघालं. कसं, ते सविस्तर मांडतो, कारण माळावरचे बारके पानभुंगेरे जमवणाऱ्या प्रत्येकाला रंग असाच फसवणार आहे.

जागा तीच, माण तालुक्यात म्हसवडच्या अलीकडचं आमचं पडीक रान. बांधाला हिवर आणि बाभूळ, मधूनमधून बोर. जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्याकडे पाचशेच्या आसपास, त्यातला बराचसा परतीचा. त्यामुळे भुंगेऱ्यांचा हंगामही आखूड. सप्टेंबरात दोन बऱ्या सरी झाल्या, हिवराला कोवळी पालवी आली आणि आठवड्याभरात हे दिसायला लागले. फांदीखाली छत्री उलटी धरायची आणि काठीने दोन टोले द्यायचे. सकाळी नऊच्या आतच, ऊन चढलं की छत्रीत पडता पडताच उडून जातात. छत्री पांढरी घ्या. तीन मिलिमीटरचा किडा काळ्या कापडावर हरवतो. यंदा एकेचाळीस मिळाले, सगळे स्वतःच्या बांधावरचे. सागरेश्वरसारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय एकही किडा उचलू नये, हे नव्या मंडळींना पुन्हा सांगतो.

दिवाळीत तासगावचे दाजी आले होते. डबी बघून म्हणाले, "अहो, हा तर आमच्या बागेतला उडद्या!" शंका रास्त होती. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीला फुटणारे डोळे खाणारा उडद्या, म्हणजे सेलोडोन्टा स्ट्रायजिकॉलिस, हाही पानभुंगेऱ्यांच्याच कुळातला. पण त्याचं अंग काशाच्या रंगाचं, पंखांवर सहा काळसर ठिपके. माझ्या भुंगेऱ्याला वरून पाहिलं तर डोकं दिसतच नाही, ते डोळ्यांपर्यंत छातीच्या कवचात बसवल्यासारखं असतं आणि अंग आखूड नळीसारखं. दाजींना भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा त्यांनाच फरक सांगता आला.

डोकं असं आत असलं की क्लायट्रिनी आणि क्रिप्टोसेफॅलस या पानभुंगेऱ्यांच्या दोन गटांत गल्लत होते. क्लायट्रिनीच्या मिशा आखूड आणि करवतीसारख्या दातेरी असतात, क्रिप्टोसेफॅलसच्या दोऱ्यासारख्या बारीक आणि लांब. माझ्याकडच्या सगळ्यांच्या मिशा दोऱ्यासारख्या. जॅकोबीच्या १९०८ च्या खंडातल्या ओळख पटवण्याच्या तक्त्यानेही मला क्रिप्टोसेफॅलसपर्यंतच आणून सोडलं. ब्रिटिश इंडियाच्या प्राणिमालिकेतला हा खंड त्याच्या मृत्यूनंतर छापून आला. मार्टिन जॅकोबी पेशाने व्हायोलिनवादक होता आणि भुंगेरे हा त्याचा छंद. तो खंड उघडताना मला दर वेळी हे आठवतं आणि बळ येतं. पण पुढची अडचण मोठी आहे. या वंशात जगभर दीड हजारांहून जास्त जाती, आणि त्या काळची वर्णनं बरीचशी रंगावर आणि ठिपक्यांवर चालतात. ठिपकेच बदलत असतील तर मग धरायचं काय?

धरायचं नराचं जननेंद्रिय, म्हणजे एडीगस. आधी नर-मादी वेगळे केले. मादीच्या पोटाच्या शेवटच्या पट्टीवर खळगा असतो. अंडं बाहेर आलं की ती ते मागच्या पायांनी त्या खळग्यात धरून फिरवते, त्यावर आपल्याच विष्ठेचं आवरण चढवते आणि मग जमिनीवर टाकते. असा खळगा नसलेले चौदा नर निघाले, तिन्ही डब्यांतले मिळून.

पहिले दोन नमुने मी वाया घालवले. वाळलेला भुंगेरा थेट टोचला आणि पोट फुटलं. नंतर पद्धत बसली. कोमट पाण्यात तासभर मऊ करायचा, बारीक सुईच्या वाकवलेल्या टोकाने मागून अवयव हळूच ओढायचा, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवायचा (चष्मा आणि हातमोजे घालूनच), पाण्याने धुऊन ग्लिसरिनमध्ये बघायचा. वरून आणि बाजूने, दोन्हीकडून. बाजूची वळणरेषा पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. बघून झालं की अवयव त्याच भुंगेऱ्याच्या टाचणीवरच्या कार्डावर चिकटवायचा.

बारा चांगले नमुने हाती आले. बाराही जणांचं टोक एकसारखं, तीन दातांचं, मधला दात लांब, बाजूची रेषा तशीच. चार ठिपकेवाला असो की जवळजवळ काळा, फरक काही नाही. मग मी गेल्या वर्षीचे फोटो पुन्हा उघडले. एका फोटोत चार ठिपक्यांचा नर आणि काळी मादी एकाच डहाळीवर जोडीत आहेत. तो फोटो माझाच, आणि वर्षभर त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं.

उलटही घडतं. झाऊच्या झाडावरचा, मध्य आशिया आणि भूमध्य समुद्राकडचा डायोऱ्हॅब्डा हा पानभुंगेरा बरीच वर्षं एकाच नावाखाली होता. अमेरिकेच्या कोरड्या प्रदेशात झाऊ आवरायला तो २००१ मध्ये मोकळा सोडला. उत्तरेकडच्या किड्यांना साडेचौदा तासांच्या आसपास उजेडाचा दिवस लागायचा, त्यामुळे अडतीस अंश अक्षांशाच्या दक्षिणेला ते अवेळीच सुप्तावस्थेत जाऊ लागले. २००९ मध्ये ट्रेसी आणि रॉबिन्स यांनी नराच्या आतल्या कठीण तुकड्यांवरून पाच जाती वेगळ्या करून पुन्हा वर्णिल्या. कुठल्या नदीकाठी कुठला किडा सोडायचा, हे त्या पुनर्वर्णनाने सांगता येऊ लागलं.

माझं वर्णन अजून कच्चं आहे. लांबी २.८ ते ३.४ मिलिमीटर, ठिपक्यांच्या सगळ्या छटा चित्रांसह, नराचं टोक दोन बाजूंनी. जातीचं नाव मी लिहिणार नाही. त्यासाठी मूळ प्रमाण-नमुन्याशी, म्हणजे ज्यावरून जातीचं पहिलं वर्णन झालं त्याच्याशी, ताडून बघावं लागेल, आणि जॅकोबीचे नमुने लंडन आणि हार्वर्डच्या संग्रहालयांत आहेत. फोटो मागवणारं पत्र तयार करतोय. माझ्या नमुन्यांतले अर्धे पुण्याजवळ आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात देण्याची इच्छा आहे, म्हणजे पुढच्याला ताडायला जवळ काहीतरी असेल.

दोन माद्या मात्र मी टाचल्या नाहीत. हिवराच्या डहाळीसह काचेच्या बरणीत ठेवल्या होत्या, तळाशी वाळका पाला. त्यांनी टाकलेली तपकिरी आवरणातली अंडी दाणेदार मातीसारखी दिसतात, भिंग नसतं तर झटकून टाकली असती. काल रात्री बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तर त्यातले दोन दाणे पाल्यावर एक बोटभर सरकलेले होते.