तीन मिलिमीटरचा घाट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला आणि मला सगळ्यात आधी आठवला तो नववीतला एक आलेख कागद. त्यावर आपल्या बोरघाटाची रेषा होती.

त्याआधी आलेख काढणं मला हमालीच वाटे. एक्सच्या तीन किमती घ्या, वायच्या काढा, ठिपके द्या, पट्टी लावा. ठिपके जरा बाजूला पडले तरी मी रेषा आरंभबिंदूतूनच नेत असे. सुरुवात शून्यापासूनच होणार, हे मी मनाशी पक्कं धरलं होतं. गणिताच्या सरांनी माझी वही पाहिली. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "पळसदरीहून गाडी चढायला लागते, तेव्हा ती समुद्रात असते का रे?"

आम्ही कर्जतची मुलं, कितीतरी जणांचे वडील रेल्वेत. घाट चढायचा तर गाडीला मागून जादा इंजिनं लागतात, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. सरांनी तोच घाट फळ्यावर घेतला. १८६३ साली सुरू झालेला हा चढ पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे २५ किलोमीटरचा, आणि तेवढ्यात गाडी साधारण ५५० मीटर वर जाते. भागाकार आम्हीच केला. किलोमीटरमागे २२ मीटर.

"हा झाला एम, म्हणजे चढ. आता गाडी हललेलीच नाही, एक्स शून्य आहे. तरी आपण समुद्रसपाटीपासून काही उंचीवर आहोत ना? पायथा ६० मीटर धरा. हा सी."

वाय बरोबर २२ एक्स अधिक ६०. वाय बरोबर एमएक्स अधिक सी, हे सरळ रेषेचं सूत्र मला पाठ होतं, पण त्यातली दोन अक्षरं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, हे त्या दिवशी कळलं. मग सर म्हणाले, पायथा १०० मीटर धरून बघा. रेषा होती तशीच्या तशी वर सरकली. चढाला धक्का लागला नाही.

मागच्या बाकावरच्या एकाने हात वर केला. रुळाकडेच्या पाटीवर तर ३७ लिहिलेलं असतं! ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, म्हणजे किलोमीटरला २७ मीटर. मग आपले २२ कसे? सरांना या प्रश्नाचा किती आनंद झाला, ते मला आजही दिसतं. २७ हा सगळ्यात कठीण तुकड्यांचा चढ आणि २२ ही सबंध घाटाची सरासरी, असं त्यांनी सांगितलं, आणि सरळ रेषेशेजारी लहान लहान तुकड्यांची मोडती रेषा काढून दाखवली.

नंतर त्यांनी आमची रेषा पायथ्याच्या मागे वाढवायला लावली. वाय शून्य ठेवला तर एक्स आला उणे पावणेतीनच्या आसपास. म्हणजे पळसदरीच्या मागे पावणेतीन किलोमीटरवर समुद्रसपाटी, जवळजवळ कर्जत स्टेशनातच! वर्ग खो खो हसला. गणितात चूक नव्हती. पण रेषा घाटाची होती आणि घाट पळसदरीलाच संपला होता. त्याच्या मागची जमीन वेगळी, जवळजवळ सपाट. पुढे माझी सगळी नोकरी नळपाणी योजनांच्या आखणीत झाली. मोजलेल्या भागापलीकडे रेषा न्यायची वेळ आली की दरवेळी मला कर्जत स्टेशनात शिरलेला समुद्र आठवे आणि मी पुन्हा मोजणीला माणसं पाठवी.

तो आलेख मी घरी नेला. अण्णा घाटातल्या गँगमध्ये रुळांच्या कामावर होते. त्यांनी कागद बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "एवढा उभा? यावर चाकं जागच्या जागी फिरतील. हा आपला घाट नव्हे."

दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझे वडील बरोबर आहेत. प्रमाण बघ." एक्स अक्षावर १ सेंटिमीटरला २ किलोमीटर आणि वाय अक्षावर १ सेंटिमीटरला ५० मीटर, असं प्रमाण मी घेतलं होतं. कागदावर रेषा चाळीस अंशांहून जास्त उभी दिसत होती. घाट तेवढाच होता, २२ तेच होते, ताणला होता तो उभा अक्ष. "दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण घेऊन काढ आणि त्यांना दाखव."

काढला. साडेबारा सेंटिमीटर आडवं गेल्यावर रेषा तीन मिलिमीटरही वर गेली नव्हती. एक्स अक्षापासून ती वेगळी दिसावी म्हणून मला पेन्सिलीला दोनदा टोक करावं लागलं. संध्याकाळी अण्णांनी कागद दिव्याखाली धरला. रुळांवर काम करून रापलेला अंगठा त्या रेषेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला.

"हां," ते म्हणाले. "हा आपला घाट. एवढ्याशासाठी मागून इंजिन लावावं लागतं."