कोळशाची स्लरी आणि फर्नेस ऑइलचा फॉर्म : माझा अनुभव

फर्नेस ऑइलवर, म्हणजे जाड जळाऊ तेलावर, चालणारा बॉयलर हलक्या कोळशाच्या स्लरीवर आणायचा तर बरेच टप्पे असतात. हलका म्हणजे पाणी जास्त आणि उष्णता कमी असलेला कोळसा, आणि स्लरी म्हणजे कोळसा दळून पाण्यात कालवलेले, पंपाने जाणारे इंधन. तांत्रिक टप्प्यांना कुठे ना कुठे उत्तर सापडते. अडकायला होते ते इंधनबदलाच्या परवानगीत. गोव्यात वेर्णा, कुंडई किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कोणी हा विचार करत असेल, तर त्याने पंप आणि बर्नर बघण्याआधी प्रयोगशाळेचा अहवाल कसा लिहून घ्यायचा ते ठरवावे. त्या एका कागदापायी आमचा अख्खा पावसाळा गेला आणि चवथीच्या सुट्टीनंतर फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर आली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

परवानगी देणाऱ्या कार्यालयाच्या फॉर्ममध्ये इंधनाचे दोनच तक्ते होते, घन आणि द्रव. घनाच्या तक्त्यात आर्द्रता, राख, व्होलाटाइल (तापवल्यावर वायू होऊन निघणारा भाग) आणि उष्मांक (किलोमागे मिळणारी उष्णता). द्रवाच्या तक्त्यात घनता, फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेते ते तापमान), ५० अंशांवरची व्हिस्कॉसिटी (दाटपणा), गंधक आणि पाणी. स्लरी पंपाने जाते, टाकीत राहते, नोझलमधून फवारते, म्हणून तिला द्रवात टाकायला सांगितले गेले. तिथून गुंता सुरू झाला.

पहिला अडथळा पाण्याच्या रकान्याचा. फर्नेस ऑइलच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १५९३ मध्ये, पाणी जास्तीत जास्त १ टक्का चालते. चांगल्या स्लरीत ते ४० टक्के असते. तेलाचे तक्ते बघण्याची सवय असलेल्या माणसाला हे भेसळीचे तेल वाटते आणि शेराही तसाच पडतो.

दुसरा अडथळा फ्लॅश पॉइंट. फर्नेस ऑइलला किमान ६६ अंश लागतो. पेन्स्की-मार्टेन्स या चाचणी-उपकरणाच्या बंद कपात स्लरी तापवली की पाण्याची वाफ येते आणि चाचणीची ज्योतच विझते. अहवालात ‘आढळला नाही’ असे छापून येते आणि टेबलावरच्या माणसाला आकडा हवा असतो. प्रयोगशाळेकडून असे वाक्य लिहून घ्यावे : ‘पाणी उकळेपर्यंत ज्वालाग्राही वाफ नाही.’ सोबत हेही लिहावे की फर्नेस ऑइल ‘क’ वर्गातले पेट्रोलियम आहे आणि स्लरी पेट्रोलियमच नाही, कारण तिच्यात तेलाचा थेंब नसतो. हा मुद्दा अर्जदाराच्या फायद्याचा आहे, पण आपण मांडल्याशिवाय तो कोणी मांडत नाही.

व्हिस्कॉसिटीने सगळ्यात जास्त छळले. तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रेडवूड व्हिस्कोमीटर असतो. त्याच्या तळाचे छिद्र १.६२ मिलिमीटरचे, त्यातून तेल गळायला लागणारे सेकंद मोजतात. स्लरीत ०.३ मिलिमीटरपर्यंतचे कण आणि त्यांची दाटी ६० टक्के, त्यामुळे छिद्र तुंबते, किंवा दर वेळी वेगळा सेकंद येतो. शिवाय स्लरीची व्हिस्कॉसिटी एक नसते. ढवळली की ती पातळ होते आणि थांबली की घट्ट होते. म्हणून फिरत्या स्पिंडलचा व्हिस्कोमीटर लागतो आणि शिअर रेट, म्हणजे थर एकमेकांवरून सरकण्याचा दर, सांगावा लागतो. जगभर १०० प्रति सेकंद हा दर धरतात आणि त्यावर साधारण १००० सेंटिपॉइजपर्यंतची स्लरी वापरण्याजोगी मानतात. फॉर्मला हवे सेंटिस्टोक्स. घनता १.२ धरून भागाकार केला तर ८३३ येतात. शेजारी फर्नेस ऑइलचे १८० लिहिलेले असतात, की लगेच विचारणा येते : एवढे घट्ट इंधन जळणार कसे, आणि ते किती तापवणार? तेल बर्नरपाशी १०० अंशांच्या वर तापवावे लागते, स्लरी तापवायची नसते. तापवली तर पाणी उडते आणि लाइन गच्च बसते. नोझलमध्ये शिअर रेट हजारोंच्या घरात जातो, तिथे ती आपोआप पातळ होते. हे एका परिच्छेदात लिहून जोडावे. तोंडी सांगितलेले पुढच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही.

तरीही फाईल परत आली ती उष्मांकावरून. इंडोनेशियाचा ‘४२०० जीएआर’ कोळसा घ्या. जहाजातून आला तशा अवस्थेत त्याचा उष्मांक किलोला ४२०० किलोकॅलरी आणि एकूण आर्द्रता सुमारे ३५ टक्के. प्रयोगशाळा तो हवेत वाळवून तपासते. तेव्हा आर्द्रता १५ टक्क्यांवर आली असेल तर उष्मांक ५४९० दिसतो. पूर्ण कोरडा धरला तर ६४६०. कोळसा एकच, पण पुरवठादाराचा दाखला, प्रयोगशाळेचा अहवाल आणि आपले गणित या तीन कागदांवर तीन आकडे. ‘कोणता कोळसा वापरणार ते नक्की करा’ असा शेरा मारून फाईल परत पाठवणे त्या टेबलाला सोपे जाते. कोणत्या अवस्थेतला आकडा आहे एवढे विचारले असते तर काम तिथेच संपले असते.

यावर उपाय एकच. सगळे आकडे आधी कोरड्या कोळशावर आणा आणि मग प्रत्यक्ष जळणाऱ्या स्लरीवर. दोनच स्तंभ, तिसरा नको. आमचा कागद असा होता : कोरडा कोळसा ६० टक्के, पाणी ४० टक्के, स्लरीचा एकूण उष्मांक सुमारे ४०००, पाण्याच्या वाफेत जाणारी उष्णता वजा करून निव्वळ सुमारे ३६५०. फर्नेस ऑइलचा निव्वळ साधारण ९६५०. म्हणजे १ किलो तेलाच्या जागी २.६ किलो स्लरी. गंधकाची तुलनाही टक्क्यांत करू नका, एकूण उष्मांकाच्या दहा लाख किलोकॅलरीमागे करा. ३.५ टक्के गंधकाच्या तेलाचे १०० किलो जळतात, गंधक ३.५ किलो. कोरड्या कोळशात ०.३ टक्के असेल तर २५० किलो स्लरीत ते ०.४५ किलो. हा आकडा पाहिल्यावर समोरचा माणूस ऐकायला लागतो. मात्र कच्छच्या लिग्नाइटवर (तपकिरी कोळशावर) हे गणित चालवू नका, त्यात गंधक बरेच जास्त असते.

राखेबाबत लपवाछपवी करू नये. तेलात राख ०.१ टक्क्याच्या आत, म्हणजे किलोमागे जेमतेम १ ग्रॅम. तेवढ्याच उष्णतेसाठी लागणाऱ्या स्लरीतून, कोळशात ६ टक्के राख धरली तर, ९० ते १०० ग्रॅम निघते. धुरातली राख गाळणाऱ्या बॅग फिल्टरशिवाय अर्ज करूच नये. बंदराजवळच्या वास्कोच्या लोकांनी कोळशाची धूळ वर्षानुवर्षे सोसली आहे. अर्जात कोळसा हा शब्द दिसला की गोव्यातला अधिकारी सावध होतो आणि त्याने व्हायलाच हवे. दळण ओले असते आणि स्लरीच्या टाकीतून धूळ उडत नाही हे खरे, पण ट्रक रिकामा होतो तिथे ती उडतेच. बंद शेड आणि पाण्याचा फवारा नकाशात दाखवला तर तो प्रश्न पहिल्याच भेटीत मिटतो.

आता स्लरीकडे. हलका कोळसा नुसता दळून पाण्यात कालवला तर तेलाला पर्याय होत नाही, आणि याचे कारण समजून घेतल्याशिवाय कोणी पैसे घालू नयेत. वरचाच कोळसा ६९ किलो घेऊन त्यात ३१ किलो पाणी घातले की कोरडा भाग ४५ टक्के होतो. त्याच्या पुढे गेले की लगदा होतो, पंप ओढत नाही. एकूण पाणी ५५ किलो, पण त्यातले २४ किलो कोळशाच्या छिद्रांत अडकलेले. ते कणांना सरकायला मदत करत नाही, उलट भट्टीत त्याची वाफ करायला उष्णता जाते. निव्वळ उष्मांक २५०० च्या आसपास उरतो आणि ज्योत धरत नाही.

छिद्रांतले पाणी बाहेर काढून वाट बंद करायची, तर गरम पाण्याची प्रक्रिया लागते. दळलेला कोळसा पाण्यातच ठेवून ३०० अंशांच्या आसपास न्यायचा. पाणी उकळू नये म्हणून दाब ८६ बारच्या वर. १० ते ३० मिनिटांत कोळशातले पाणी धरणारे कार्बॉक्सिल गट तुटून कार्बन डायऑक्साइड निघतो, पाणी बाहेर ढकलले जाते आणि कोळशातलेच डांबर छिद्रांच्या तोंडावर बसते. नंतर कोळसा पाण्यात पडून राहिला तरी पूर्वीइतके पिऊ शकत नाही. नुसता वाळवलेला हलका कोळसा पाणी पुन्हा शोषतो आणि ढिगात आपोआप तापतो, म्हणून तो मार्ग धरू नये. प्रक्रियेनंतर कोरडा भाग ६० टक्क्यांपर्यंत जातो. कणांबाहेरचे पाणी दोन्ही स्लरींत साधारण एक तृतीयांशच आहे, फरक आतल्या पाण्याचा आहे. जपानच्या जेजीसी कंपनीने इंडोनेशियात करावांगला याच तत्त्वावर वर्षाला १०,००० टनांचा प्रात्यक्षिक कारखाना उभारला होता. ८६ बारचे भांडे एकट्या छोट्या कारखान्याला परवडत नाही. वसाहतीतल्या काहींनी मिळून ते करावे आणि स्लरी टँकरने न्यावी, हे माझे ठाम मत आहे.

त्या प्रक्रियेचे पाणी हा परवानगीतला दुसरा प्रश्न, तो आधीच सोडवून ठेवा. त्यात फिनॉल असते आणि सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप) खूप असतो. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला फिनॉलची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे, प्रक्रियेशिवाय ती गाठणे शक्य नाही. जमेल तेवढे पाणी पुढच्या दळणात परत वापरावे, उरलेल्याला जैविक प्रक्रिया द्यावी.

दळणात चारपैकी तीन भाग ७५ मायक्रॉनच्या खाली हवेत, पण सगळे एकसारखे बारीक नकोत. मोठ्या कणांच्या फटीत बारीक कण बसले की त्याच पाण्यात स्लरी पातळ राहते. एक जाडसर आणि एक बारीक अशी दोन दळणे मिसळणे सोपे पडते. कण सुटे ठेवणारा डिस्पर्संट म्हणून नॅप्थॅलिन सल्फोनेट, कोळशाच्या ०.५ ते १ टक्का. काँक्रीटचा प्लास्टिसायझर विकणाऱ्याकडे तेच रसायन मिळते. खाली बसू नये म्हणून झँथन गम, तो एका टक्क्याच्या काही शतांशांइतकाच. पीएच कॉस्टिकने ८ च्या आसपास. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी मऊ असते, त्यात पीएच तेवढा बघावा लागतो. खाजणाजवळच्या (खाडीलगतच्या सखल शेतांजवळच्या) बोअरवेलचे खारट पाणी टाळा, क्षारांनी डिस्पर्संटचा परिणाम मरतो आणि दोष कोळशाला दिला जातो.

गिअर पंप लावू नका, दात झिजतात. स्क्रू पंप घ्या, रबरी स्टेटर (स्क्रूभोवतीचे अस्तर) जादा ठेवा आणि तो कोरडा फिरू देऊ नका. बर्नर वाफेने किंवा दाबाच्या हवेने फवारणारा, नोझलचे टोक टंगस्टन कार्बाइडचे. साधे स्टील लवकर झिजते, थेंब मोठे होतात आणि राखेत न जळलेला कोळसा दिसू लागतो. भट्टी तेलावर किंवा गॅसवर ८०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय स्लरी सोडू नका आणि ज्वलनाची हवा १५० अंशांच्या वर ठेवा. ज्योत लांब असते. फायर-ट्यूब पॅकेज बॉयलरमध्ये धूर नळ्यांतून जातो आणि त्या राखेने भरतात, म्हणून नळ्यांत पाणी असलेला वॉटर-ट्यूबच बघा आणि क्षमता कमी होईल हे गृहीत धरा. आकारमानाने स्लरी तेलाच्या दुपटीहून थोडी जास्त लागते, जुनी टाकी पुरत नाही.

आणखी एक, जे फॉर्मच्या आधी सांगायला हवे होते : नमुना प्रयोगशाळेला देताना बाटली हलवून द्यायला सांगा आणि तसे लेबलवर लिहा. तळाला बसलेल्या नमुन्याचा वरचा भाग ओतून तपासला तर पाणी ६० टक्के निघते, आणि तो आकडा फाईलमध्ये एकदा शिरला की काढता येत नाही.

बॉयलर बंद करताना लाइन लगेच पाण्याने धुवा. व्हॉल्व्हनंतरचा आंधळा (टोक बंद असलेला) तुकडा, उभा-आडवा कोन, गेजची बारीक नळी, इथे राहिलेली स्लरी एका रात्रीत बसते आणि पाइप कापावा लागतो. धुतलेले पाणी गटारात न सोडता दळणाच्या टाकीत घ्या. ही जोडणी नकाशात रंगवून दाखवा, कारण तिसऱ्या शेऱ्यात तेच विचारलेले होते.