ग्रिम्स्बीचे मैदान, क्लीथॉर्प्सच्या किनाऱ्यावर

मँचेस्टरहून सुटलेली गाडी शेफिल्ड आणि डॉनकास्टर मागे टाकून पूर्वेकडे वळली की डबा रिकामा होऊ लागतो, आणि शेवटच्या तासाभरात खिडकीबाहेर सपाट शेते, पवनचक्क्या आणि ढगाळ आभाळ याखेरीज काही उरत नाही. हिवाळ्यातल्या एका शनिवारी मी या गाडीत बसलो होतो ते ग्रिम्स्बी टाउन फुटबॉल क्लबचे मैदान पाहण्यासाठी. ग्रिम्स्बी टाउन हा आज इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या पायरीवरचा, म्हणजे लीग टूमधला संघ आहे. इंग्लंडला येणारे आपले लोक लिव्हरपूलचे अ‍ॅनफिल्ड पाहतात, मँचेस्टरचे ओल्ड ट्रॅफर्ड पाहतात, आणि ते पाहावेच. पण माझे बालपण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ गेल्यामुळे मासेमारीच्या गावाने पोसलेला एक संघ इंग्लंडमध्ये आहे हे कळल्यापासून माझे मन तिकडे ओढ घेत होते.

ग्रिम्स्बी टाउन स्थानक सोडल्यावर गाडी गोदीच्या कडेने जाते. डावीकडे विटांचा एक उंच, सडपातळ मनोरा दिसतो. हा डॉक टॉवर १८५२ साली उभा राहिला. त्याची उंची ३०९ फूट असून त्याचे रूप इटलीतल्या सिएना शहराच्या मनोऱ्यावरून घेतलेले आहे. गोदीचे दरवाजे आणि याऱ्या पाण्याच्या दाबावर चालाव्यात, यासाठी इतक्या उंचावर पाण्याची टाकी बसवली होती. मनोरा मागे पडतो न पडतो तोच न्यू क्ली नावाचा छोटासा थांबा येतो, आणि मग उजव्या हाताला, रुळांपासून अगदी हाकेच्या अंतरावर, पत्र्याच्या छपराचे एक जुने प्रेक्षागार पाठमोरे उभे असलेले दिसते. ते ब्लंडेल पार्क. डाव्या हाताला हंबर नदीचे रुंद मुख असते. गाडी क्षणात पुढे जाते आणि क्लीथॉर्प्सला, समुद्रालगतच्या शेवटच्या स्थानकात, थांबते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ग्रिम्स्बी टाउनचे मैदान ग्रिम्स्बीत नाही. ते शेजारच्या क्लीथॉर्प्स गावात आहे. आपला संघ घरचे सामनेसुद्धा परगावीच खेळतो, असे तिथले लोक म्हणतात. क्लबची स्थापना १८७८ सालची. क्रिकेट खेळणाऱ्या काही तरुणांना हिवाळ्यात काय खेळावे असा प्रश्न पडला आणि त्यांनी ‘ग्रिम्स्बी पेलहॅम’ या नावाने फुटबॉलचा संघ काढला. वर्षभरात ते नाव बदलून ग्रिम्स्बी टाउन झाले. दोन मैदाने बदलून १८९९ मध्ये क्लब ब्लंडेल पार्कला आला आणि आजवर तिथेच आहे. मैदानाच्या नावातला ब्लंडेल फुटबॉलशी कसलाही संबंध नसलेला माणूस होता. पीटर ब्लंडेल हा दूर डेव्हन परगण्यातल्या टिव्हर्टनचा कापडाचा व्यापारी. तो १६०१ मध्ये वारला, आणि त्याने मागे ठेवलेल्या पैशातून केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजने क्लीथॉर्प्समध्ये जमीन घेतली. चारशे वर्षांपूर्वीच्या एका मृत्युपत्राचे नाव आज फुटबॉलच्या मैदानाला आहे, याचे मला विलक्षण वाटले.

सामना दुपारी तीनचा होता, म्हणून आधी किनाऱ्यावर जाऊन जेवलो. या गावात तळलेला मासा मागितला की हॅडॉक मिळतो. कॉडसाठी इथल्या बोटी उत्तर ध्रुववृत्तापर्यंत गेल्या, पण घरी खायला मात्र इथल्या माणसाला हॅडॉकच लागतो. साल काढलेला, गाईच्या चरबीत तळलेला, वरचे आवरण दाताखाली कुरकुरणारे आणि आतले पांढरे मांस पाकळ्या-पाकळ्यांनी सुटणारे. ओहोटी होती, पाणी इतके मागे गेले होते की डोळ्यांना फक्त चिखल आणि त्यावर चमकणारे ओहळ दिसत होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात नदीच्या मुखात बांधलेले दोन समुद्री किल्ले धुक्यात काळ्या ठिपक्यांसारखे उभे होते. तिथून मैदानापर्यंत चालत गेलो. रस्त्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे गळपट्टे घातलेली माणसे वाढत गेली आणि दोन बाजूंना एकाला एक चिकटलेली विटांची बैठी घरे लागली. वाहनतळांची मैदाने नाहीत, काचेची दालने नाहीत. माणसे घराच्या दारातून निघून सरळ सामन्याला येतात.

मी तिकीट काढले होते ते मेन स्टँडचे, आणि ते मुद्दामच. या प्रेक्षागाराचा मधला भाग १९०१ सालचा आहे, आणि इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये आजही वापरात असलेल्या सर्वांत जुन्या प्रेक्षागारांत त्याची गणना होते. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो लाकडाचा आवाज. पावलांखालची फळी कुरकुरते, पुढच्या रांगेत कोणी उभे राहिले की आपल्या पायांना कळते. छप्पर पेलणारे लोखंडी खांब समोरच उभे आहेत, त्यांवर रंगाचे इतके थर चढले आहेत की कडा गोल झाल्या आहेत, आणि माझ्या जागेवरून पलीकडच्या गोलचा एक खांब अशा एका खांबाआड लपत होता. चेंडू तिकडे गेला की आमची अख्खी रांग एकदम डावीकडे झुके, आणि थोड्या वेळाने मीही त्यांच्याबरोबर झुकू लागलो. नव्या मैदानांत असा खांब आढळत नाही, आणि शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून झुकणेही नाही.

एका गोलामागच्या प्रेक्षागाराचे नाव पाँटून स्टँड. मला ते नाव सर्वांत आवडले. पाँटून म्हणजे ग्रिम्स्बीच्या गोदीतला तो लांबच लांब धक्का, जिथे रात्री बोटींतून मासळी उतरवली जाई, वर्गवारी करून मांडली जाई आणि पहाटे तिचा लिलाव होई. १९६१ साली चाहत्यांनी स्वतः पैसे जमवून हे प्रेक्षागार उभारले. समोरच्या दुमजली प्रेक्षागाराला यंग्ज या मासळीप्रक्रिया कंपनीचे नाव आहे, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर बसलेल्यांना आमच्या छपरावरून हंबरमध्ये ये-जा करणारी जहाजे दिसतात. क्लबच्या चिन्हावर ट्रॉलर, म्हणजे जाळे ओढत जाणारी मासेमारीची बोट आहे, शिवाय ग्रिम्स्बी शहराच्या जुन्या मुद्रेवरची रानडुकरांची तीन मुंडकी आहेत. आज या मैदानात जेमतेम ९,००० माणसे बसतात. पण १९३७ च्या फेब्रुवारीत वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स, म्हणजे वुल्व्हज या संघाविरुद्धच्या एफए कपच्या (इंग्लंडमधल्या लहानमोठ्या सगळ्या श्रेणींतल्या क्लबांच्या बाद स्पर्धेच्या) सामन्याला इथे ३१,६५१ माणसे उभी होती. त्या अरुंद गल्ल्या पाहिल्यावर एवढी गर्दी कुठून शिरली आणि कशी बाहेर पडली असेल याचा विचार मी बराच वेळ करत होतो.

तो क्लबचा सुवर्णकाळ होता. १९३४-३५ च्या हंगामात ग्रिम्स्बी टाउन पहिल्या श्रेणीत पाचवा आला. तेवढी मजल क्लबने पुन्हा कधी मारली नाही. १९३६ मध्ये आणि पुन्हा १९३९ मध्ये संघ एफए कपच्या उपांत्य फेरीत पोहोचला. १९३९ चा सामना वुल्व्हजविरुद्ध मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर झाला. नेहमीचा गोलरक्षक जॉर्ज ट्वीडी आजारी होता, त्याच्या जागी आलेला जॉर्ज मोल्सन सुरुवातीलाच जखमी झाला, आणि त्या काळी बदली खेळाडू नसल्यामुळे मैदानातल्याच एका खेळाडूला गोलमध्ये उभे राहावे लागले. ग्रिम्स्बी ०-५ असा हरला. त्या दिवशी ७६,९६२ प्रेक्षक हजर होते, आणि ओल्ड ट्रॅफर्डवरच्या गर्दीचा तो उच्चांक आजही मोडलेला नाही. मँचेस्टर युनायटेडच्या घरातला हा विक्रम ग्रिम्स्बीच्या नावावर आहे, हे मला माझ्या शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी मध्यंतराच्या आधीच सांगून टाकले.

हे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले होते. त्यांचे वडील ट्रॉलरवर खलाशी होते. “तीन आठवडे आइसलंडच्या पाण्यात, मग तीन दिवस घरी, की पुन्हा समुद्रावर,” त्यांनी सांगितले. “ते तीन दिवस शनिवारला जोडून आले, तर बाबा मला इथे घेऊन यायचे. नाही आले तर मी शेजाऱ्यांबरोबर यायचो आणि निकाल लक्षात ठेवायचो, त्यांना सांगायला.” मी त्यांना माझ्या गावाबद्दल सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, “तुमच्याकडच्या बोटी अजून जातात का?” मी जातात म्हणालो. त्यांनी नुसती मान हलवली.

या प्रश्नामागे काय होते ते समजायला इथला इतिहास पाहावा लागतो. विसाव्या शतकाच्या मध्याला जगातले सर्वांत मोठे मासेमारी बंदर म्हणून ग्रिम्स्बीची ख्याती होती. मग आइसलंडने आपल्या हद्दीची रेषा समुद्रात पुढे पुढे सरकवली: १९५८ मध्ये १२ सागरी मैल, १९७२ मध्ये ५०, आणि १९७५ मध्ये २००. प्रत्येक वेळी ब्रिटनशी संघर्ष झाला, आइसलंडच्या गस्ती नौकांनी ट्रॉलरांची जाळी कापली, ब्रिटनने नौदल पाठवले. आइसलंडला स्वतःची मासळी राखायची होती आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणू शकत नाही. पण इथल्या घरांचे काय झाले तेही डोळ्यांआड करता येत नाही. १९७६ च्या जूनमध्ये समझोता झाला, आणि तो करणाऱ्या सरकारात परराष्ट्रमंत्री होते अँथनी क्रॉसलंड, म्हणजे ग्रिम्स्बीचेच खासदार. आपल्याच मतदारांची उपजीविका बुडवणारा करार त्यांच्या वाट्याला यावा, यासारखी अवघड जागा राजकारणात क्वचितच येत असेल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्रॉसलंड यांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांना ब्लंडेल पार्कवर आणले होते, आणि जगाच्या राजकारणातल्या त्या माणसाने जिलिंगहॅमविरुद्धचा तिसऱ्या श्रेणीतला सामना इथे बसून पाहिला.

बोटी गेल्या. मासळी मात्र अजून येते, आणि तिच्यावर प्रक्रिया करण्याचा मोठा उद्योग इथे अजून चालतो; फक्त ती आता आइसलंड-नॉर्वेहून पेट्यांत भरून येते. ट्रॉलरांना बर्फ पुरवणारा गोदीतला प्रचंड कारखाना १९९० मध्ये बंद पडला. उरले ते गाणे. प्रतिस्पर्धी चाहते इथल्या लोकांना मासळीवरून चिडवत असत. इथल्यांनी तेच टोमणे उचलले आणि “आम्ही मासे मारतानाच गातो” असे स्वतःच गाऊ लागले. १९८९ मध्ये विम्बल्डनविरुद्धच्या एफए कपच्या सामन्याला ते हवा भरलेले प्लास्टिकचे मासे घेऊन गेले. त्या माशाला हॅरी हॅडॉक असे नाव पडले आणि तो आजही प्रत्येक मोठ्या सामन्याला येतो. माझ्यापुढच्या रांगेत सहा-सात वर्षांची एक मुलगी तसाच एक मासा दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसली होती. तिच्या घरातले शेवटचे माणूस समुद्रावर गेले त्याला बहुधा दोन पिढ्या लोटल्या असतील.

क्लबने चढउतार भरपूर पाहिले. लिव्हरपूलला मोठे करणारे बिल शँकली १९५१ पासून १९५४ पर्यंत इथे व्यवस्थापक होते, आणि या संघाबद्दल ते आयुष्यभर आदराने बोलत. १९९८ मध्ये अ‍ॅलन बकली यांच्या संघाने एकाच हंगामात लंडनच्या वेम्बली मैदानावर दोन अंतिम सामने जिंकले. २०१० मध्ये मात्र क्लब लीगमधूनच, म्हणजे वरच्या चार श्रेणींतून, बाहेर फेकला गेला. बिगर-लीगमध्ये सहा वर्षे काढल्यावर २०१६ मध्ये तो वर आला, तेव्हा त्यात चाहत्यांनी वर्गणी काढून जमवलेल्या एक लाख पौंडांहून अधिक रकमेचा मोठा हात होता. तो २०२१ मध्ये पुन्हा खाली गेला आणि २०२२ मध्ये पुन्हा वर आला, तोही सलग तीन सामने जादा वेळेत जिंकून. त्यांतला रेक्सहॅमविरुद्धचा ५-४ असा सुटला. २०२३ मध्ये एफए कपच्या एकाच हंगामात आपल्याहून वरच्या श्रेणीतले पाच संघ हरवणारा हा पहिला क्लब ठरला. पाचवा संघ होता प्रीमियर लीगमधला साउदॅम्प्टन.

आणि मग २७ ऑगस्ट २०२५. लीग कपच्या दुसऱ्या फेरीत मँचेस्टर युनायटेड या लाकडी प्रेक्षागारासमोर आला. चार्ल्स व्हर्नम आणि टायरेल वॉरेन यांनी अर्ध्या तासात ग्रिम्स्बीला २-० अशी आघाडी मिळवून दिली. युनायटेडने शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआऊट सुरू झाला. तो संपेना. गोलरक्षकांसह सगळ्यांच्या पाळ्या झाल्या, दुसरी फेरी सुरू झाली, आणि अखेर ब्रायन एमब्युमोचा चेंडू आडव्या खांबावर आदळला. १२-११. “मी ते पाहिले नाही,” शेजारचे गृहस्थ म्हणाले. मला वाटले, त्यांना तिकीट मिळाले नसावे. पण ते इथेच, याच जागेवर होते. “आठव्या पेनल्टीपासून मी डोळे मिटले होते. फळी हलली तेव्हा कळले.”

आमच्या शनिवारचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला. खेळ ओबडधोबड होता, वारा समुद्रावरून येत होता आणि उंच मारलेले चेंडू भलतीकडेच पडत होते. नव्या जागी मोठे मैदान बांधण्याच्या योजना गेली कित्येक वर्षे निघतात आणि बारगळतात. क्लबला पैसा हवा, लोकांना सोयी हव्यात, हे मला समजते, आणि तरीही ते प्रेक्षागार पाडलेले पाहायला मला आवडणार नाही. शेजारच्या गृहस्थांना मी याबद्दल विचारले. त्यांनी आपल्या आसनाच्या कडेवर हात फिरवला आणि म्हणाले, “थंडी फार वाजते हो इथे.” मग थोडे थांबून, “पण नवीन बांधले तर रूळ दिसणार नाहीत.”

परतीच्या गाडीत मी यावेळी डाव्या खिडकीशी बसलो. काळोख पडला होता. मैदानावरचे दिवे अजून चालू होते आणि मेन स्टँडच्या मागच्या पत्र्यावर त्यांचा उजेड सांडला होता. दोन माणसे फळ्यांवर पडलेले कागदी पेले गोळा करत फिरत असावीत, कारण रांगांमधल्या फटीतून त्यांच्या सावल्या वाकताना आणि उठताना दिसत होत्या. मग डॉक टॉवर आला.