आधी विचारायचं, कुठे आहात?

बुधवार, रात्री उशिरा

आमच्याकडे कोकणात घरातलं कोणी गेलं की मुंबईतल्या मुलाला पहिला फोन जातो तो ‘सिरीयस आहेत, लगेच निघ’ असा. मुलगा गाडी काढतो आणि खारेपाटण येईपर्यंत नवस बोलत राहतो. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. रात्रीचा हायवे, स्टिअरिंगवर एकटा माणूस, काळजी वाटणारच. पण हल्ली हा निरोप पनवेलच्या पुढे टिकत नाही. तोवर गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हार घातलेला फोटो आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ येऊन पडलेली असते. बाप गेल्याचं मुलाला भावकीतल्या कुणाच्या तरी स्टेटसवरून कळतं.

आज दुपारी तेच. (गाव लिहीत नाही, मालवणपासून फार लांब नाही, एवढंच.) वॉर्डाबाहेर नुकत्याच गेलेल्या पेशंटच्या भावाने मला गाठलं. ‘डॉक्टरानू, झिलाक सिरीयस आसत येवडाच सांगा. बाकीचा तो इलो की आमी सांगतलंव.’ मी म्हटलं, ‘काका, त्याने सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.’ काका गप्प राहिले. पटलं नव्हतंच.

मुलाला फोन लावला. पहिला प्रश्न नेहमीचा, ‘कुठे आहात?’ लोकलमध्ये, दारात. मागे घोषणा ऐकू येत होती. ‘पुढच्या स्टेशनला उतरा, बाकावर बसा, मी परत लावते.’ इथेच त्याला कळलं असणार. पुन्हा लावला तेव्हा ‘बोला’ वगैरे काही नाही. ‘गेले ना?’

‘हो. सव्वा वाजता गेले. हार्ट अटॅक होता. आम्ही प्रयत्न केले, पण हृदय परत सुरू झालं नाही.’

मग काहीच नाही. समोर असता तर मी नुसती बसून राहिले असते. फोनवर आपण गप्प राहिलो की समोरच्याला वाटतं लाइन कट झाली, आणि तो रडता रडता ‘हॅलो, हॅलो’ करायला लागतो. म्हणून अधूनमधून ‘मी आहे लाइनवर’ म्हणायचं, बास. ‘वय झालं होतं’, ‘सुटले बिचारे’ हे तर अजिबात नाही. ते म्हणायला अख्खा गाव आहे.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, ‘मी येईपर्यंत ठेवतील ना?’

चाकरमान्याचा खरा प्रश्न हा. ‘सिरीयस आहेत’ सांगितलं असतं तर तो त्याला सुचलाही नसता, आणि तो पोचेपर्यंत बाकीच्यांनी परस्पर सगळं ठरवून टाकलं असतं. काकांना बोलावलं, स्पीकर लावला. शीत शवपेटी कणकवलीहून मागवायची, अग्नी उद्या. गाडी स्वतः चालवायची नाही, मित्राला सोबत घेऊन तुतारी एक्स्प्रेस पकडायची. काकांचा राग तेव्हा कुठे थोडा उतरला.

२००० साली अमेरिका आणि कॅनडातल्या डॉक्टरांनी कॅन्सरच्या पेशंटना वाईट बातमी देण्याची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली, तिला ‘स्पाइक्स’ म्हणतात. पहिली पायरी जागेची: बंद दार, दोघंही बसलेले, पेशंटला हवं ते माणूस शेजारी. मग त्याला आधीच काय ठाऊक आहे ते विचारायचं, किती ऐकायचंय ते विचारायचं, आणि त्यानंतर सांगायचं. फोनवर पुढच्या पाच पायऱ्या कशाबशा जमतात. पहिली माझ्या हातात नसते. जागा म्हणजे लोकलचं दार असू शकतं, मासळीबाजार असू शकतो, नाहीतर सडा, म्हणजे गावावरचं कातळाचं पठार. खालच्या वाड्यांत रेंज नाही, म्हणून लोक सड्यावर चढून भर उन्हात उभ्याने रिपोर्ट ऐकतात.

मार्च २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका हॉस्पिटलात चाकांवरच्या यंत्राच्या पडद्यावरून डॉक्टरांनी ७८ वर्षांच्या पेशंटला आता उपाय उरला नाही असं सांगितलं. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून शेजारच्या नातीला तेच त्यांना परत सांगावं लागलं. बातमी गाजली ती ‘रोबोट’मुळे. मला ती नात आठवते. तशा नाती आमच्याकडे पुष्कळ. बायोप्सीचा रिपोर्ट पीडीएफ होऊन थेट मोबाइलवर येतो, डॉक्टरांचा फोन मागाहून, आणि घरात इंग्रजी वाचणारी एकटी दहावीतली मुलगी. ‘कार्सिनोमा’ (म्हणजे कॅन्सर) ती गूगलवर शोधते, आणि आजी समोरून विचारते, ‘काय गो, काय लिवला हा?’

स्क्रीनवर माझा राग नाही. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओवरून सल्ला देणाऱ्या सेवेत, डॉक्टर पडद्यावर असले तरी उपकेंद्रातली आरोग्य अधिकारी पेशंटशेजारी असते. ती पाणी देते, डॉक्टर काय म्हणाले ते मालवणीत परत सांगते. गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला नाहीतर कोल्हापूरला जाऊन, दिवसभर ताटकळून, तेच दोन मिनिटांत ऐकून येण्यापेक्षा हे केव्हाही बरं. फक्त शेजारच्या माणसाला आधी कल्पना दिलेली हवी. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या (फोन-व्हिडिओवरून उपचाराच्या) नियमांत फोनवर भागतं की प्रत्यक्ष भेटायचं ते डॉक्टरांनीच ठरवावं असं आहे. तो अधिकार आम्ही औषधं लिहिताना आठवतो, बातमी सांगताना विसरतो.

उद्या एका आजींचा रिपोर्ट सांगायचा आहे. मुलगी शारजात, ती व्हिडिओवर येणार. आशाताईंना, म्हणजे वाडीतल्या आशा स्वयंसेविकेला, सकाळीच सगळं सांगून ठेवते. त्या घरी पोचल्या की मग कॉल. वाडीत लाइट नसेल तर वायफाय नाही, मग ओपीडी आटपून मीच जाऊन येईन. रिपोर्ट संध्याकाळपर्यंत थांबेल.