कागदावर ग्रेड १
ठाणे स्टेशनबाहेर "लोकमान्यनगर, लोकमान्यनगर" असं ओरडून शेअर रिक्षा भरणारे एक दादा. बसलेला आवाज तीन महिने उठलाच नव्हता. ओपीडीत मी नाकातून स्कोप, म्हणजे वळणारी बारीक दुर्बीण, घातला. "दादा, लांब 'ई' म्हणा." एपिग्लॉटिस, म्हणजे स्वरयंत्रावरचं झाकण, वर झाला आणि दोन्ही स्वररज्जू पुढपासून मागपर्यंत लख्ख दिसले. उजव्या स्वररज्जूवर, अगदी पुढे, डाळिंबाच्या दाण्याएवढा पॉलिप, म्हणजे मऊ गाठ. खुशीत लिहून टाकलं: स्वरयंत्राचा व्ह्यू ग्रेड १, म्हणजे सगळं स्वच्छ दिसतं.

ऑपरेशनच्या दिवशी भूल दिली. भूलतज्ज्ञ मॅडमनी तोंडातून लॅरिंगोस्कोप, म्हणजे स्वरयंत्र बघायचं धातूचं ब्लेड, घातला आणि गप्पच झाल्या.

"तुझ्या कागदावर ग्रेड एक आहे ना?"

"हो मॅडम."

"मला नुसता एपिग्लॉटिस दिसतोय."

म्हणजे ग्रेड ३, स्वररज्जू दिसतच नाहीत. ऑक्सिमीटरची टिकटिक खाली उतरायला लागली. ९७, ९४, ९१. मी बाहेरून गळा दाबला, मॅडमनी एपिग्लॉटिसच्या खालून अंदाजाने बुजी, म्हणजे श्वासाच्या ट्यूबला वाट दाखवणारी लवचीक काडी, सरकवली. श्वासनळीच्या कड्यांवरून ती खरखरत गेली तेव्हा त्यांचे खांदे सैल पडले. बुजीवरून बारीक ट्यूब आत गेली. नंतर ऑपरेशन करताना मलाही स्वररज्जूंचा पुढचा कोपरा दिसता दिसेना. गळ्यावर दाब देऊन कसाबसा पॉलिप काढला.

चहा घेताना मॅडमनी माझी शाळा घेतली. कॉरमॅक आणि लेहान यांनी १९८४ मध्ये हे ग्रेड केले ते धातूच्या ब्लेडसाठी. पेशंट झोपलेला, भुलेत, आणि तोंडातून स्वरयंत्रापर्यंत नजर सरळ पोचायला हवी. "तुझा स्कोप जिभेमागून वळसा घालून थेट वर जाऊन बसतो. त्यात माणूस बसलेला, जागा, वर 'ई' म्हणतोय. दिसणारच की!" हनुवटी आत गेलेली आणि मान आखूड, हे त्यांनी आदल्या दिवशीच हेरलं होतं. बुजी ट्रॉलीवर काढून ठेवली होती ती त्यामुळे, माझ्या कागदामुळे नाही.

आता नुसता आकडा लिहीत नाही. 'नाकातून स्कोप, बसून, जागेपणी, ई म्हणताना' एवढं आधी येतं, आणि खाली तोंड किती बोटं उघडतं, हनुवटी कशी, मान किती मागे जाते. रकान्यात मावत नाही, म्हणून सिस्टर कुरकुरतात.

दादा आठवड्याने आले. मौन पाळायला सांगितलं होतं, ते इमानदारीत पाळलेलं. मोबाईलवर टाइप करून समोर धरलं: 'ओरडायला कधीपासून लागू?'