आमची वाटचाल : सुवाच्य प्रतींपासून हस्तलिखितांच्या वाचनापर्यंत

आमच्या व्यवसायाचा प्रारंभ सुवाच्य अक्षरात मजकूर लिहून देण्याच्या कामाने झाला. मानपत्रे, प्रमाणपत्रांवरील नावे आणि संग्रही ठेवायच्या प्रती आम्ही टाकाने व बोरूने लिहीत असू. एकाच प्रतीची पाने दोघा-तिघांनी लिहिली तरी हात बदलल्याचे वाचकाला जाणवू नये अशी शिस्त होती. शिरोरेषेची जाडी, वेलांटीचा झोक, दोन शब्दांतले अंतर हे सारे ठरलेले असे आणि नव्या लेखनिकाला स्वतःचे वळण बाजूला ठेवून आमचे वळण गिरवावे लागे.

संगणकाने नेमके हेच काम घेतले. एकसारखेपणात यंत्राची बरोबरी होणे शक्य नव्हते, आणि युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे संगणकात साठवण्याची एकसमान पद्धत, रुळल्यावर देवनागरी मजकूर कोठेही जसाच्या तसा पाठवता येऊ लागला, तेव्हा प्रतींची मागणी जवळपास थांबली. सहीलाही पर्याय आला. इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक कायदा आयोगाने २००१ मध्ये आदर्श कायदा, म्हणजे देशांनी आपले कायदे करताना वापरायचा नमुना, स्वीकारला. मात्र फ्रान्सच्या नागरी संहितेत स्वहस्ते केलेल्या मृत्युपत्राचा जो प्रकार आहे, त्यात संपूर्ण मजकूर, दिनांक आणि सही ही त्याच व्यक्तीच्या हातची असावी लागते. या तरतुदीने आम्हांला विचार करायला लावले. तेथे अक्षराच्या देखणेपणाला महत्त्व नाही. ते कोणाचे आहे याला आहे, आणि आम्ही तर इतकी वर्षे तीच ओळख कसोशीने पुसत आलो होतो.

मग ग्राहकाच्या स्वतःच्या अक्षरावरून फॉन्ट तयार करण्याचे काम घेतले. देवनागरीत ते मोठे असते, कारण मुळाक्षरांखेरीज जोडाक्षरांची शेकडो रूपे रेखाटावी लागतात; शिवाय लिहिताना कोणाचाही ‘र’ दोनदा तंतोतंत सारखा उतरत नाही, म्हणून नेहमीच्या अक्षरांची पर्यायी रूपे आलटूनपालटून येतील अशी योजना करावी लागते. एवढे करूनही लिहिणाऱ्याची घाई किंवा अडखळणे फॉन्टमध्ये उतरत नाही, हे आम्ही ग्राहकाला आधीच सांगतो.

आज आमचा बहुतेक वेळ जुनी हस्तलिखिते वाचून त्यांची टंकलिखित प्रत करण्यात जातो. आजोबांची पत्रे किंवा हिशेबाच्या वह्या हाती असूनही छापील अक्षरांवर वाढलेल्या नातवंडांना त्या वाचता येत नाहीत. ही अडचण एका लिपीपुरती नाही. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून प्राथमिक वर्गांत जोडून लिहायचे रोमन वळण पुन्हा आणले. वाचताना आम्ही आधी खात्रीचे शब्द शोधतो, म्हणजे तारीख, मायना, घरातील नावे. त्यांतून त्या व्यक्तीच्या अक्षरांचा तक्ता तयार होतो आणि तिचा ‘घ’ व ‘ध’ कोठे वेगळे होतात ते कळू लागते. काही पानांनंतर तर आजारपणातले लेखन नुसत्या ओळींच्या उतारावरूनही ओळखू येते, आणि या कामातील माझा सर्वांत मोठा आनंद हाच आहे.

यंत्रेही आता हस्ताक्षर वाचतात. संगणकशास्त्रज्ञ यान लेकुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्येच पाकिटांवरील हस्तलिखित अंक ओळखणारे न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकप्रणाली, मांडले होते. पहिल्या कच्च्या प्रतीसाठी आम्ही अशा साधनांची मदत घेतो, पण न लागलेल्या शब्दाच्या जागी ती पुष्कळदा शोभेलसा दुसरा शब्द बसवतात आणि वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. म्हणून प्रत्येक पान दोन जण मूळ कागदाशी ताडून पाहतात. पत्रात ‘देईन’ खोडून ‘पाहीन’ लिहिलेले असेल, तर दोन्ही शब्द प्रतीत राहतात, पहिला खोडलेल्या रेघेसह. जे वाचता आले नाही तेथे कंसात ‘अस्पष्ट’ अशी नोंद करून त्या ओळीचे छायाचित्र सोबत जोडले जाते, कारण घरातील एखाद्या वडीलधाऱ्यांना तो शब्द लागण्याची शक्यता असते.