बिजलीचे प्रशिक्षण: कारवान कुत्रीची निवड आणि शिट्टीवर परतणे

बिजली आता चौदा महिन्यांची झाली असून, दोराने ओढल्या जाणाऱ्या पळत्या आमिषाचा पाठलाग मध्येच सोडून शिट्टीवर माघारी येण्याचा टप्पा तिने या महिन्यात गाठला. नजरेच्या बळावर शिकार करणाऱ्या कारवान जातीसाठी मी हेच सर्वांत महत्त्वाचे शिक्षण मानतो. तिची निवडसुद्धा मी त्याच दृष्टीने केली होती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य प्राण्याला मारण्याबरोबरच त्याचा कुत्र्यांकरवी पाठलाग करणे, त्याला हाकणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. म्हणजे सशामागे कुत्रे सोडले आणि ससा निसटला, तरी कायद्याच्या लेखी ती शिकारच ठरते. आपल्या नाशिक जिल्ह्यात येवल्याजवळ ममदापूरला काळविटांचे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि ससे तर माळरानावर कुठेही उठतात. अशा परिसरात हाकेला न थांबणारे कारवान कुत्रे मोकळे सोडणे मला मान्य नाही.

पिल्लू मी सांगली जिल्ह्यातील जत भागातील एका शेतकऱ्याकडून आणले. तेथे या जातीचे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या पाळले जातात. आई समोर बांधलेली होती, तिचे पाय, छातीची खोली आणि अनोळखी माणसासमोरची वागणूक पाहता आली. पिल्लांचे दात, जबड्याची ठेवण आणि बेंबीजवळ फुगवटा आहे का, हे तपासल्यावर मी दोरीला फडके बांधून ते अंगणातून ओढत नेले. सगळी पिल्ले त्यामागे धावली, यात नवल नव्हते. मला पाहायचे होते ते पुढचे. फडके हलत असतानाच मी खाली बसून टाळी वाजवली, तेव्हा बहुतेक पिल्लांनी कानही हलवला नाही. बिजली मात्र थबकली, वळून पाहिले आणि फडके सोडून माझ्याकडे आली. तिच्याहून उंच आणि वेगवान भाऊ तेथे होता. तरीही मागे वळून पाहणारे पिल्लू निवडावे, असे माझे ठाम मत आहे, कारण वेग या जातीच्या रक्तातच असतो, माणसाकडे असलेले लक्ष प्रत्येक पिल्लात सारखे नसते.

शिट्टीची सुरुवात घरातच केली. जेवणाची थाळी ठेवताना प्रत्येक वेळी तीच दोन आखूड फुंकरींची शिट्टी, मग अंगण, मग मखमलाबादकडील एका परिचितांच्या कुंपण असलेल्या पडीक शेतात लांब दोरावर सराव, अशा क्रमाने पुढे गेलो. दोर गळपट्ट्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला बांधतो, कारण भरधाव कुत्रे दोराच्या टोकाला पोहोचून झटका बसला तर मानेला गंभीर इजा होऊ शकते. एरवी चालायला नेतानाही साधा अरुंद गळपट्टा उपयोगाचा नाही. या कुत्र्यांचे डोके मानेपेक्षा निमुळते असल्यामुळे तो सहज निसटतो.

आमिषाच्या कामात सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे बक्षिसाची निवड. पाठलागात रंगलेल्या कारवानला मांसाच्या तुकड्याची फिकीर नसते. म्हणून शिट्टी वाजताच सहकारी दोर ओढणे थांबवतो, आमिष निर्जीव पडते, बिजली माझ्याकडे येते, आणि आल्याबरोबर तिला पुन्हा धावण्याची मुभा मिळते. परतल्याने खेळ संपत नाही, उलट पुन्हा सुरू होतो, हे तिला उमगल्यावर प्रगती झपाट्याने झाली. आता आमिष चालू असतानाही ती वळते. हाडांच्या वाढीच्या जागा पक्क्या होईपर्यंत मी तिला तीव्र वळणे घेऊ दिली नाहीत, फक्त सरळ आणि थोड्या अंतराच्या धावा दिल्या. वळणे आता हळूहळू वाढवत आहे.

नाशिककरांनी जागा निवडताना काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात. द्राक्षबागेच्या आसपास कुत्रे मोकळे सोडू नये, कारण मांडवाच्या तारा आणि खांब भरधाव कुत्र्याला वेळेत दिसत नाहीत. शिवाय द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक असतात, त्यामुळे खाली पडलेले घडही धोक्याचेच. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगांत पाय अडकून हाड मोडू शकते. उन्हे चढण्याआधी सराव संपवावा हे खरे, परंतु उसाजवळ अंधारात जाणेही टाळावे, कारण बिबट्या कुत्र्यांना सावज समजतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत पूर्ण उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंतचा थोडाच वेळ हाती राहतो. थंडीत मात्र निफाडकडे पारा फार उतरतो, आणि या जातीच्या अंगावर केसांचा व चरबीचा थर पातळ असल्यामुळे धावेनंतर लगेच झूल घालणे आवश्यक असते.

पुढील टप्पा जिवंत जनावरांसमोरचा आहे. परिचितांच्या शेळ्या कुंपणापलीकडे चरत असताना, बिजली दोरावर असताना, आधी दूरून आणि मग जवळून तोच शिट्टीचा सराव करण्याचे योजले आहे. शेळ्या पळू लागल्या तरी ती वळते की नाही, हे पाहिल्याशिवाय तिला कुंपणाबाहेर मोकळी सोडणार नाही.